अठ्ठेचाळीस सेकंद

तालुक्याच्या कुठल्याही गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधोमध जुनी पेठ, तिच्या एका टोकाला देऊळ किंवा नदीचा घाट, दुसऱ्या टोकाला एसटी स्टँड. पेठेला लागून नगरपालिका, भाजी मंडई, जुनं हायस्कूल, दोन-चार दवाखाने. वीस-तीस हजार वस्तीच्या अशा गावात या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन किलोमीटर भरले तर खूप झाले. सावकाश चालणारा माणूस तासाला चार किलोमीटर चालतो आणि सायकलवाला घाई न करता बारा किलोमीटर कापतो. म्हणजे गावातलं सगळ्यांत लांबचं काम सायकलवर पंधरा मिनिटांचं आहे. बहुतेक कामं तर दीड किलोमीटरच्या आतली असतात, तिथं पायीसुद्धा वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं.

असं असूनही सकाळी नऊ-दहाला पेठेच्या तोंडाशी उभं राहिलं तर काय दिसतं? दुधाच्या पिशवीसाठी मोटरसायकल, दाढीला जायला मोटरसायकल, तीन गल्ल्या पलीकडच्या शिकवणीला मुलाला सोडायला मोटरसायकल. हे पाहून लोक आळशी झालेत, असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हीच माणसं पहाटे उठून गावाबाहेरच्या टेकडीवर चालायला जातात, शेतात दिवसभर राबतात, आषाढात शंभर-दोनशे किलोमीटर चालतात. मग घरापासून मंडईपर्यंतचं अर्धा किलोमीटर त्यांना का नकोसं होतं? कारण त्या अर्ध्या किलोमीटरवर चालणाऱ्याला जागा राहिलेली नाही. उरलेल्या जागेत जीव मुठीत धरून चालावं लागतं आणि त्या चालण्याला मानही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की लहान गावांत चालणं आणि सायकल परत रोजच्या वापरात आणायची असेल, तर सगळ्यांत आधी गावातला वेग उतरवला पाहिजे. फुटपाथ, सायकल ट्रॅक, जागृतीच्या फेऱ्या हे सगळं त्याच्या मागून येतं. वेग होता तसाच ठेवून बाकी सगळं केलं, तर त्यातलं काहीही टिकत नाही.

वेगाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू. गावातला एक किलोमीटर ताशी 50च्या वेगानं गेलं तर 72 सेकंद लागतात, ताशी 30नं गेलं तर 120 सेकंद. फरक 48 सेकंदांचा. कुठेही न थांबता, न वळता, समोर म्हैस न येता एक किलोमीटर जायला मिळालं तरच हे 48 सेकंद वाचतात, आणि पेठेत तसं कधीच होत नाही. आता या 48 सेकंदांची किंमत पाहा. ताशी 30नं येणाऱ्या गाडीसमोर मूल अचानक आलं, तर चालकाला भान येऊन ब्रेक लागेपर्यंत आणि गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटर जातात. ताशी 50ला तेच अंतर 28 मीटरच्या आसपास होतं. म्हणजे जिथं पहिली गाडी थांबलेली असते, तिथं दुसरीचा ब्रेक अजून नीट लागलेलाही नसतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 30च्या जागी 50 झाले की ती पावणेतीन पटीहून जास्त होते. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतले 32,825 जण पायी चालणारे होते, म्हणजे जवळजवळ दर पाचांतला एक. दुचाकीवरचे 74,897. ज्या माणसांच्या भोवती पत्र्याचा डबा नसतो तीच माणसं सगळ्यांत जास्त मरतात, आणि लहान गावांत जवळपास सगळी माणसं अशीच असतात.

या आकड्यांच्या मागचा रस्ता कसा असतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही साखरपट्ट्यातल्या गावात, हंगाम चालू असताना, सकाळी सव्वादहाच्या सुमारास शाळेच्या रस्त्यावर उभं राहावं. रस्ता सिमेंटचा, नवा. काँक्रिटीकरणात त्याची पातळी सहा-आठ इंचांनी उचलली गेली आहे, पण साइडपट्टी भरलेली नाही. कडेला खडी आणि माती, तिच्या पलीकडे गटार, आणि गटारावरचे ढापे मधूनमधून गायब. आठवी-नववीच्या तीन मुली सायकलवरून शेजारीशेजारी गप्पा मारत येतात. मागून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर येतो. टेपवर गाणी जोरात लागलेली असल्यानं त्याचा आवाज आधी लक्षात येतो, मग हॉर्न. मुली एकामागे एक होतात. शेवटची कडेला दबत दबत जाते आणि तिचं पुढचं चाक सिमेंटच्या कडेवरून खाली उतरतं. दप्तराच्या ओझ्यानं सायकल कलते, ती एक पाय टेकवून कशीबशी सावरते. दोन्ही ट्रॉल्या जाईपर्यंत ती तिथंच थांबते. नंतर तिला सायकलवरूनच परत रस्त्यावर चढता येत नाही, कारण कडा अर्धा फूट उंच आहे. खाली उतरून, दोन्ही हातांनी सायकल उचलून ती वर ठेवते आणि पुन्हा स्वार होते. मैत्रिणी पुढे गेलेल्या असतात.

रस्त्याच्या अंदाजपत्रकात ही मुलगी कुठेही नसते. रुंदी, जाडी, काँक्रीटचा दर्जा, सगळं असतं, आणि साइडपट्टीचं काम पुढच्या टप्प्यात असतं. पुढचा टप्पा येतो तेव्हा ती बारावी होऊन गेलेली असते. आणि एखाद्या दिवशी ती पडली, तर घरचे सायकल काढून घेतात आणि भाऊ मोटरसायकलवरून तिला शाळेत सोडू लागतो. रस्त्यावर आणखी एक मोटरसायकल वाढते. त्या मोटरसायकलला घाबरून आणखी एक सायकल घरात जाते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या गावांतून सायकल हटली ती बऱ्याच प्रमाणात या साखळीनं हटली.

नाहीतर सायकल या गावांना परकी कधीच नव्हती. तासावर भाड्यानं सायकल देणारं दुकान प्रत्येक पेठेत होतं. सुट्टीत पोरं दांड्याखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर शिकली ती त्याच भाड्याच्या सायकलींवर. नगरपालिका सायकलला कर लावायची आणि त्याचा पितळी बिल्ला हँडलला लटकायचा. रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट गेलं की पोलीस अडवायचा. त्या काळाला मी सोनेरी मुलामा देणार नाही, त्या सायकलींवर मुली फारशा नव्हत्या. पण एक गोष्ट त्यातून कळते. सायकलीला त्या वेळी वाहन म्हणून गणलं जात होतं, तिच्यासाठी कायदा होता, कर होता, दंड होता. आज तो कर नाही आणि रस्त्याच्या हिशेबातही ती नाही.

माणसं मात्र अजून आहेत. 2011च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता असं विचारलं होतं. सुमारे 23 टक्के लोक पायी जात होते, 13 टक्के सायकलवर, 13 टक्क्यांच्या आसपास स्कूटर-मोटरसायकलवर, आणि स्वतःच्या मोटारीनं तीन टक्क्यांहून कमी. त्यानंतर दुचाकी खूप वाढल्या हे कुणीही सांगेल. तरी गवंड्याच्या हाताखालचे, धुणीभांडी करणाऱ्या, दुकानात कामाला असणारे, शाळेत जाणारी मुलं ही सगळी आजही पायी किंवा सायकलवर आहेत. आपण त्यांच्याकडे ‘अजून गाडी न घेतलेले’ म्हणून पाहतो. गाडी आली की माणूस सुधारला, असा हिशेब आपल्या मनात पक्का बसला आहे. वारीत चालणाऱ्याच्या आपण पाया पडतो आणि रोज चालणाऱ्याला हॉर्न मारतो. ज्या समाजानं चालण्याला एवढं मोठं केलं, त्याच समाजात रोजचं चालणं गरिबीची खूण व्हावं, ही गोष्ट मला आतून खुपते.

हा मान परत मिळवता येतो का? येतो, आणि त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण परदेशातलं नाही. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातलं आहे.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं साक्षरतेची चळवळ जोरात होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ठरवलं की बाईला अक्षरं येणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच तिला कुणाला न विचारता कुठेही जाता येणं महत्त्वाचं. म्हणून साक्षरतेच्या कार्यक्रमातच सायकल शिकवणं घेतलं. सुट्टीच्या दिवशी मैदानात बायका जमायच्या आणि एकमेकींना शिकवायच्या. बँकांनी बायकांना सायकलीसाठी कर्ज द्यावं, अशी व्यवस्था झाली. 1992च्या महिला दिनी पंधराशेहून जास्त बायका झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुक्कोट्टई शहरातून सायकलवर गेल्या. पी. साईनाथ यांनी या चळवळीवर सविस्तर लिहिलं आहे. त्यांच्या हिशेबानं दहा वर्षांखालच्या मुली सोडल्या तर जिल्ह्यातल्या ग्रामीण बायकांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त बायका सायकल शिकल्या, आणि सत्तर हजारांहून अधिक जणींनी जाहीर सायकल स्पर्धा-प्रदर्शनांत भाग घेतला.

यातला मला सगळ्यांत आवडलेला तपशील वेगळाच आहे. एवढ्या बायका शिकल्या की दुकानांत लेडीज सायकली कमी पडल्या, म्हणून बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. आणि मग त्यांतल्या काहींना त्याच जास्त सोयीच्या वाटू लागल्या, कारण मधल्या दांड्यावर मुलाला बसवता येतं. दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीत जाणाऱ्या, शिक्षिका, पाणी आणणाऱ्या, माल बाजारात नेणाऱ्या अशा सगळ्या थरांतल्या बायका त्यांत होत्या. बसची वाट पाहण्यात जाणारे तास वाचले. सोडायला येणाऱ्या बाप-भावाची गरज संपली. टिंगलटवाळी झाली, घाणेरडे शेरे मारले गेले, पण एका गावात एकाच वेळी शेकडो बायका रस्त्यावर आल्यावर टिंगल करणारेच थोडे पडले. एकट्या बाईनं सायकल चालवली की ती बोलण्याचा विषय होते. गावातल्या निम्म्या बायका चालवू लागल्या की कुणाचं लक्षही जात नाही.

बिहारनं हेच काम शाळेमार्फत केलं. 2006पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. माध्यमिक शाळेत मुलींची नावनोंदणी 32 टक्क्यांनी वाढली, मुला-मुलींमधली दरी 40 टक्क्यांनी घटली, आणि शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत परिणाम सगळ्यांत जास्त दिसला. मुली घोळक्यानं सायकलवर जाऊ लागल्या आणि घोळकाच त्यांची सोबत झाला. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात 125 मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. योजना चांगली आहे, ती आणखी तालुक्यांत जायला हवी. पण त्यातलं अपुरेपण वर सांगितलेल्या सिमेंटच्या कडेवर दिसतं. एका खात्यानं सायकल दिली आणि दुसऱ्या खात्यानं ती चालवायची जागा काढून घेतली. दोघांची बैठक कधी एकत्र झाली असेल असं वाटत नाही.

इथं वेगाचा मुद्दा परत येतो, कारण जुन्या पेठेत वेगळी जागा काढायला वावच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. दोन्ही बाजूंना तेवढी सोडली तर साडेतीन मीटरच्या वर जागा जाते. आपल्या पेठांतले कितीतरी रस्ते घरापासून घरापर्यंतच पाच-सहा मीटर आहेत. तिथं फुटपाथ बांधला तर रस्ता उरत नाही, आणि अर्ध्या मीटरचा बांधला तर त्यावर विजेचा खांब आणि दुकानदाराचं फ्लेक्स उभं राहतं, माणूस खालीच चालतो. मग काय करायचं? अख्खा रस्ताच माणसाच्या वेगाचा करायचा. ताशी वीस-पंचवीसच्या वर कुणालाही जाता येणार नाही अशी त्याची ठेवण करायची: पेठेच्या तोंडाशी उंचवटा, कोपऱ्यावर वळणं आवळलेली, आणि जड वाहनांना ठरावीक वेळीच प्रवेश. त्या वेगाला पायी माणूस, सायकल, हातगाडी आणि स्कूटर एकत्र नांदू शकतात. गावाबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं मात्र वेगळं आहे. तिथं वेग असणारच, म्हणून तिथं फुटपाथ आणि सायकलीची पट्टी वेगळी हवीच, आणि ती शाळेच्या फाटकापर्यंत सलग हवी.

नेदरलँड्समधलं हौटन हे गाव या विचारावर उभं आहे. 1960च्या दशकात ते काही हजार वस्तीचं खेडं होतं. उट्रेख्त शहराची वाढ तिकडे वळवायची ठरली तेव्हा रॉब डर्क्स या नियोजनकारानं त्याचा आराखडा केला. गावाच्या भोवती गोल रस्ता. मोटारीनं एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचं तर बाहेरच्या गोल रस्त्यावर येऊन पुन्हा आत जायचं. सायकलवाला आणि पायी माणूस मात्र गावाच्या मधून सरळ जातो आणि मधोमध रेल्वे स्टेशन आहे. मोटारीला गावात बंदी नाही, फक्त जवळची वाट तिला मिळत नाही. आज तिथं पन्नास हजारांच्या आसपास लोक राहतात. आणि डच लोक जन्मतःच सायकलवेडे आहेत, ही समजूतही सोडून द्यायला हवी. 1971 साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, चळवळ झाली, दोन वर्षांत तेलाची टंचाई आली, आणि मग सरकारं हलली.

आपल्याकडे मोटारबंद गावाचं नाव काढलं की माथेरान आठवतं. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढं मुख्यतः पायी किंवा घोड्यावर. 2011च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आतच होती. इतकी वर्षं हे गाव मोटारीवाचून चाललं, हे खरंच. पण त्याची एक बाजू आपण पर्यटक म्हणून जाताना पाहत नाही. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि सामानाला वाहून नेणारी हातरिक्षा माणूस ओढत होता. 2022च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि 2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांच्याच हाती ई-रिक्षा द्यायला सांगितलं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. चालण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी माथेरानकडून हे शिकावं की ज्याला चालता येत नाही त्याची सोय आधी केली पाहिजे, आणि ती दुसऱ्या माणसाच्या पाठीवर होता कामा नये. सावकाश चालणारी ई-रिक्षा पायी चालणाऱ्याची शत्रू नाही.

याच कारणासाठी मी स्कूटरच्या विरोधात नाही. तालुक्याच्या गावात नर्स, शिक्षिका, बँकेतल्या बाई यांना स्कूटीनं जे स्वातंत्र्य दिलं ते खरं आहे. रात्री आठला ड्यूटी संपवून पाच किलोमीटरवरच्या वाडीत जाणाऱ्या बाईला सायकलचा उपदेश करणं हा उद्धटपणा होईल. बोलायचं आहे ते गावातल्या दीड किलोमीटरबद्दल, आणि तिथंही सक्तीबद्दल नाही.

उन्हाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पारा 42-45 अंशांवर जातो. अकरानंतर चालणं तिथं खरोखर धोक्याचं असतं. पण रस्त्याच्या कडेचे वड, चिंच, कडुनिंब कुणी पाडले? रुंदीकरणानं पाडले. झाडांखालचा रस्ता आणि नव्या सिमेंटचा उघडा रस्ता यांवरून एकाच दुपारी चालून पाहावं. रुंदीकरणाच्या फायलीत झाड अडथळा म्हणून येतं. चालणाऱ्याच्या दृष्टीनं तेच झाड रस्त्याचा मुख्य भाग असतं. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावल्याचा फोटो पुढची पंधरा वर्षं कुणाला सावली देत नाही.

आता पैशाचं. विचारवंत इव्हान इलिच यांनी 1970च्या दशकात एक हिशेब केला होता. अमेरिकन माणूस मोटारीत बसण्यात आणि तिच्यासाठी कमावण्यात वर्षाला 1,600 तास घालवतो आणि 7,500 मैल जातो. म्हणजे खरा वेग तासाला पाच मैलांहूनही कमी. हाच हिशेब आपल्या गावातल्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणासाठी करून पाहा. समजा पगार 12,000, महिन्याचे 26 दिवस, रोज आठ तास. तासाला अठ्ठावन्न रुपयांच्या आत पडतात. मोटरसायकलचा हप्ता तीन हजार, पेट्रोल दीड हजार, विमा आणि सर्व्हिसिंगचे महिन्याला पाचशे धरले तर पाच हजार झाले. म्हणजे महिन्यातले सत्त्याऐंशी तास, जवळजवळ अकरा दिवस तो मोटरसायकलसाठी काम करतो. हप्ता तुंबला की फायनान्सवाले दारात येतात. सायकलीचं तसं नाही. गावातल्या सायकलच्या दुकानात माणसं हवा भरून घेतात, चाकाचा आउट काढून घेतात, छर्रे बदलून घेतात, आणि तो सगळा पैसा गावातच राहतो. ही दुकानं झपाट्यानं कमी होत आहेत. 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, अ‍ॅटलास सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. मोठा कारखाना बंद पडल्याची बातमी होते. पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानाची होत नाही. ते गेलं की पंक्चर काढायला कुणी उरत नाही आणि घरातल्या सायकलीही भिंतीला टेकून गंजतात. योजनेतून मुलींना सायकली देताना गावागावांत अशा एकेका कारागिराला हवेचा पंप, अवजारं आणि दुरुस्तीचं कंत्राट द्यायला किती पैसे लागतील? रस्त्याच्या एका वळणाच्या काँक्रीटहून कमी.

कायद्याची बाजूही आता दुबळी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 प्रमाणे राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या भागापुरती वेगमर्यादा कमी करू शकतो. 2025च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं अडथळ्यांवाचून फुटपाथवर चालता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं स्पष्ट केलं. अडचण अशी की गावातला मुख्य रस्ता बऱ्याचदा राज्यमार्ग असतो. रस्ता बांधकाम खात्याचा, गटार पालिकेचं, वाहतूक पोलिसांची. शाळेसमोर एक उंचवटा हवा असेल तर मुख्याध्यापकांनी अर्ज कुणाकडे करायचा, हेच ठरत नाही, आणि मूल गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो उंचवटा होतो. नगराध्यक्षांनी आणि मुख्याधिकाऱ्यांनी तिघांना एका टेबलाभोवती बसवून शाळा आणि पेठेच्या हद्दीत ताशी 30ची मर्यादा अधिसूचित करून घेणं, एवढं काम एका वर्षात होण्यासारखं आहे. उसाच्या ट्रॅक्टरांना सव्वादहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते पावणेसहा शाळेच्या रस्त्यावर बंदी घालायला तर काँक्रीटही लागत नाही, कारखान्याच्या शेतकी विभागानं तोडणीच्या टोळ्यांना आणि वाहनमालकांना वेळ सांगितली की झालं.

सगळ्यांत मोठा धोका मात्र पुढच्या दहा वर्षांतला आहे, आणि तो वेगाहूनही मुळाशी जातो. गावं आज हायवेच्या दिशेनं फुटत आहेत. तहसील कचेरी बायपासवरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत गेली, रुग्णालयाला गावाबाहेर दहा एकर मिळाले, इंग्रजी माध्यमाची शाळा स्वस्त जमिनीसाठी चार किलोमीटर दूर गेली. एकदा शाळा तिथं गेली की वर्षानुवर्षं हजार मुलांना रोज मोटरसायकल किंवा पिवळी बस लागणार. कुणीही मुलांना विचारलेलं नसतं. जमीन वाचवली म्हणून संस्थेचं कौतुक होतं आणि तो खर्च पेट्रोलच्या रूपानं आईबापांच्या माथी जातो. जे तीन किलोमीटरचं गाव आपल्याला आयतं मिळालं आहे, ते आपण स्वतःच्या हातानं आठ किलोमीटरचं करत आहोत.

हे ठरतं ते विकास आराखड्यात. नगरपालिका प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते, हरकती आणि सूचना मागवते आणि ठरावीक मुदत देते. त्या मुदतीत येणाऱ्या हरकती बहुतेक स्वतःच्या प्लॉटवरचं आरक्षण उठवण्यासाठी असतात. शाळेचं आरक्षण बायपासच्या पलीकडे का, दवाखाना स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर का नाही, जुन्या पेठेतून नव्या वस्तीकडे पायी आणि सायकलनं जायला ओढ्यावर एक छोटा पूल का दाखवलेला नाही, अशा हरकती फार क्वचित येतात. पालक-शिक्षक संघानं, बचत गटांनी, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यानं तो नकाशा पालिकेत जाऊन पाहावा. नकाशावर पट्टी ठेवून आपल्या आळीपासून नव्या शाळेपर्यंतचं अंतर मोजावं. दोन किलोमीटरच्या वर भरलं तर मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीला मुलींना सोबत घेऊन जावं.